गोळ्या वाटून घेणारे पेशंट

आज जायचंय १९८६च्या अमेरिकेत. एड्स झाला म्हणजे माणूस गेलाच, असा तो काळ. एझेडटी नावाच्या औषधाची चाचणी चालू होती. २८२ पेशंट. १४५ जणांना खरं औषध, १३७ जणांना प्लसिबो, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नाही. कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. काही महिन्यांत प्लसिबोवाले १९ जण गेले, औषधवाला एक. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

तेव्हाच्या अशा चाचण्यांमध्ये पेशंट काय करायचे माहितीये? कुणी आपलं औषध गुपचूप लॅबमधून तपासून आणायचं. कुणी एकमेकांत वाटून घ्यायचं, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात थोडं तरी खरं जाईल. शास्त्रज्ञ वैतागले, कारण असल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणार कसा? त्यांचं चूक नव्हतं. पण समोरच्याचा जीव टांगणीला लावून त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करायची, हे मला तरी पटत नाही.

मार्च १९८७ मध्ये न्यूयॉर्कला ‘ॲक्ट अप’ ही संघटना उभी राहिली. ११ ऑक्टोबर १९८८ला त्यांनी एफडीएच्या मुख्यालयाला घेराव घातला, तो फोटोंमुळे सगळ्यांना ठाऊक असतो. मला जास्त आवडते ती आयरिस लाँग. क्वीन्समधली रसायनशास्त्रज्ञ. स्वतःला आजार नाही, ओळखीचं कुणी आजारी नाही. तिने या पोरांना बसवून औषध कसं बनतं, चाचणी कशी आखतात, हे शिकवलं. ज्यांचा विज्ञानाशी कधी संबंध आला नव्हता, ते शोधनिबंध वाचायला लागले.

मग मागण्याही नेमक्या झाल्या. न्यूमोनिया टाळायचं औषध घेतो म्हणून पेशंटला चाचणीबाहेर काढू नका. बायकांना घ्या, नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांनाही घ्या. चाचणीत बसत नाहीत त्यांना ती चालू असतानाच बाजूने औषध द्या. ही शेवटची मागणी अँथनी फाउची यांनी १९८९ मध्ये उचलून धरली. हे तेच फाउची, ज्यांच्या नावाने आंदोलक शिव्या घालत होते! पुढे सरकारी एड्स चाचण्यांच्या समित्यांवर पेशंटचे प्रतिनिधी बसू लागले.

आता खरी गंमत. १९९३ मध्ये कॉनकॉर्ड चाचणीचा निकाल आला: लक्षणं दिसण्याआधीच एझेडटी सुरू केल्याने माणसं जास्त जगत नव्हती. १९९४ला सॅक्विनाविर हे नवं औषध मंजुरीच्या दारात होतं. तेव्हा ॲक्ट अपमधूनच फुटून निघालेल्या एका गटाने एफडीएला सांगितलं, घाई नको, आधी हजारो पेशंटवर मोठी चाचणी करा. यावरून बाकीचे कार्यकर्ते भडकले. दोन्ही बाजूंना एचआयव्ही असलेली माणसं होती, आणि वेळ कुणाकडेच नव्हता.