‘हॅलोविन’ चित्रमालिका : उत्तरभागांच्या श्रेष्ठत्वाचा वाद

‘हॅलोविन’ या नावाने १९७८ ते २०२२ या काळात एकूण तेरा अमेरिकन भयपट निघाले. त्यांपैकी जॉन कार्पेंटर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट श्रेष्ठ, याविषयी मालिकेच्या चाहत्यांत फारसे दुमत नाही. पण उत्तरभागांत श्रेष्ठ कोणता, हा वाद गेली चार दशके चालू आहे. तो केवळ अभिरुचीचा वाद असता तर अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नव्हते. परंतु ‘हॅलोविन’ हे नाव कशाचे, एका रात्रीचे की एका व्यक्तीचे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कर्त्याचा की प्रेक्षकाचा, हे प्रश्न या वादाच्या मुळाशी आहेत.

पहिला चित्रपट सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत तयार झाला. त्यातील मुखवटाधारी खुनी मायकेल मायर्स याचा निर्देश श्रेयनामावलीत नावाने नसून ‘आकृती’ अशा अर्थाच्या शब्दाने केलेला आहे. तो लॉरी स्ट्रोड या मुलीच्याच मागे का लागतो, याला चित्रपटात कारण दिलेले नाही. त्यातील भीतीचे मर्म या कारणाच्या अभावातच आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागाने हे कारण पुरविले : लॉरी ही मायकेलची बहीण. सांगण्याजोगी कथा आता फारशी उरलेली नाही, असे वाटत असताना आपण त्या भागाच्या लेखनात पडलो, हे कार्पेंटर यांनीच पुढे सांगितले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही भर दुबळी आहे. पण चौथ्या, पाचव्या, सहाव्या आणि १९९८ च्या भागांचा सारा डोलारा या एका नात्यावर उभा आहे, हेही विसरता येत नाही.

१९८२ चा तिसरा भाग या वादाचा खरा कसोटीचा दगड होय. दरवर्षी सणाच्या रात्रीची एक नवी, स्वतंत्र कथा सांगावी, असा कार्पेंटर आणि त्यांच्या सहनिर्मात्या डेब्रा हिल यांचा बेत होता. टॉमी ली वॉलेस यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागात मायकेल मायर्स नाही; मुलांचे मुखवटे विकून त्यांच्याच साहाय्याने मुलांचा संहार करू पाहणारा एक कारखानदार आहे. मूळ पटकथा नायजेल नील यांची होती. तीत हिंसेची भर पडली तेव्हा त्यांनी आपले नाव काढून घेतले. प्रेक्षक मात्र चिडले. दुसऱ्या भागाचे अमेरिकेतील उत्पन्न सुमारे अडीच कोटी डॉलर होते, तिसऱ्याचे दीड कोटीलाही पोचले नाही. या रोषाचे मूळ शीर्षकातील रोमन अंकात असावे असे वाटते. निर्मात्यांनी ‘तीन’ हे गणनावाचक मानले, म्हणजे या नावाची तिसरी कृती. प्रेक्षकांनी ते क्रमवाचक वाचले, म्हणजे त्याच कथेचा तिसरा भाग. शीर्षक असे वाचण्यात प्रेक्षकांची चूक होती असे म्हणता येणार नाही.

१९८८ च्या चौथ्या भागाने हा वाद प्रेक्षकांच्या बाजूने मिटविला. मायकेल मायर्स परत आल्याची ग्वाही त्याच्या शीर्षकातच आहे. पुढे मात्र वंशावळीचा घोळ सुरू झाला. चौथ्या भागात लॉरी मृत असून तिची लहान मुलगी जेमी ही नायिका आहे. १९९८ च्या भागात लॉरी जिवंत आहे, निराळ्या नावाने राहते, आणि जेमीचा मागमूस नाही. २०१८ च्या चित्रपटाने पहिला वगळून सर्वच भाग नाकारले. त्यातील लॉरीची नात बहीण-भावाचे ते नाते म्हणजे लोकांनी रचलेली गोष्ट असल्याचे सांगून मोकळी होते. चाहत्यांनी यातून अनेक परंपरा मांडल्या आहेत. अमुक भाग ग्राह्य, तमुक प्रक्षिप्त, असा निवाडा करताना ते पाठचिकित्सकाचेच काम करीत असतात. १९९५ च्या सहाव्या भागाबाबत तर हे अक्षरशः घडले. डोनाल्ड प्लेझन्स त्या वर्षी फेब्रुवारीत निवर्तले. त्यानंतर चित्रपटाचा बराच भाग नव्याने चित्रित होऊन तो प्रदर्शित झाला. आधीचा पाठ चाहत्यांनी चोरट्या व्हिडिओ-प्रतींवरून प्रती काढून जतन केला, आणि २०१४ मध्ये तो अधिकृतपणे प्रसिद्ध करणे भाग पडले. त्या प्रतींच्या अस्पष्ट चित्रांची तक्रार करणाऱ्यांनी हस्तलिखिते हाताळून पाहावीत!

या साऱ्या उलथापालथीत अबाधित राहिला तो तिसरा भाग. तो कोणत्याच वंशावळीत नसल्यामुळे कोणालाही त्याला वगळता आले नाही. घरगुती व्हिडिओ आणि दूरचित्रवाणी यांमुळे तो नव्या पिढीपुढे आला. त्या पिढीला चित्रपटगृहातील अपेक्षाभंग ठाऊक नव्हता, आणि आज त्याचे कैवारी पुष्कळ आहेत. २०१८ च्या चित्रपटात, म्हणजे सर्व उत्तरभाग नाकारणाऱ्याच कृतीत, काही मुलांच्या तोंडावर तेच तीन मुखवटे दिसतात.

मराठीत ‘उत्तर’ या शब्दाला ‘नंतरचे’ आणि ‘जबाब’ असे दोन अर्थ आहेत. दुसरा भाग केवळ पहिल्या अर्थाने उत्तरभाग आहे. तो पहिल्याच्याच रात्री सुरू होतो आणि तीच रात्र लांबवितो. दुसऱ्या अर्थाला पात्र ठरतात ते तिसरा आणि चौथा. तिसऱ्यात दूरचित्रवाणीवर पहिल्या ‘हॅलोविन’ चित्रपटाचीच जाहिरात लागते. म्हणजे ज्याचा हा उत्तरभाग म्हणवितो, ती कथा त्याच्या जगात एक चित्रपट मात्र आहे. इतका धीट जबाब या मालिकेत दुसरा नाही. पण निवड एकाचीच करावयाची तर मी चौथ्याची करीन. पहिल्याच्या आरंभी, १९६३ सालच्या प्रसंगात, सहा वर्षांचा मायकेल विदूषकाच्या वेषात हातात सुरी घेऊन उभा असतो. चौथ्याच्या शेवटी जेमी जिन्याच्या माथ्यावर तशाच वेषात रक्ताळलेली कात्री घेऊन उभी राहते. येथे नात्याची ती दुबळी भरही सार्थ झाली आहे. पाचव्या भागाच्या कर्त्यांना मात्र हा शेवट पेलला नाही. अवघ्या एका वर्षात त्यांनी जेमीला पुन्हा निरपराध आणि मुकी करून टाकले.