मुंबईची ३९ मिनिटं

आजचा एपिसोड एका बगपासून सुरू होतो, आणि तो बग माझाच आहे.

आमच्या टीमने हजेरीचं एक ॲप केलं होतं. आमच्याच बिल्डिंगमधल्या हाउसकीपिंगच्या मावशी ते वापरायच्या. शिफ्ट सकाळी सातची. पगार झाल्यावर एक मावशी लिफ्टपाशी थांबल्या आणि हातातलं घड्याळ पुढे करून म्हणाल्या, "दादा, तुम्ही कंप्युटरवाले ना? हे बरोबर चालतंय का बघा जरा. मी रोज सातच्या आधी येते, तरी लेट कसा लागतो?" तीन लेट झाले की अर्धा दिवस कापायचा, असा कंत्राटदाराचा नियम होता.

घड्याळ बरोबर होतं. चूक कोडमध्ये होती. ॲप सातची शिफ्ट ६:३७ ला सुरू झाली असं धरत होतं, म्हणजे बरोबर २३ मिनिटं आधी.

पायथॉन लिहिणाऱ्यांनी एव्हाना ओळखलं असेल. पायटेझेड नावाच्या लायब्ररीत 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन चुकीच्या पद्धतीने जोडला, तर ती ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास धरत नाही, ५ तास ५३ मिनिटं धरते. ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. टाइमझोनच्या डेटाबेसमध्ये सगळ्यात जुनी नोंद तीच आहे, आणि मी लिहिलेली ओळ थेट तिच्यावर जाऊन आदळत होती.

बग दहा मिनिटांत सुटला. पण डोक्यात प्रश्न राहिला. कोलकात्याची वेगळी वेळ होती, तर मग मुंबईची?

होती. ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं. आजच्या भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे. हिशोब सोपा आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात आणि मुंबई साधारण ७२.८ अंश रेखांशावर आहे. सूर्य मुंबईच्या डोक्यावर आला की मुंबईत बारा वाजायचे, बस्स.

भानगड झाली रेल्वेमुळे. गावोगावची वेळ वेगळी असेल तर टाइमटेबल बनवायचं कसं? म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली, जी मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (हो, पुण्यातल्या कॉलेजला नाव आहे तेच) यांनी सरकारी कचेऱ्याही मद्रासच्या वेळेवर चालवायचा हुकूम काढला. शहराने ऐकलं नाही. राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवत राहिलं, आणि दोन वर्षांनी सरकारलाच माघार घ्यावी लागली.

खरी ठिणगी पडली १ जानेवारी १९०६ ला. त्या दिवसापासून साडेपाच तासांची नवी 'स्टँडर्ड टाइम' लागू झाली. आपण शाळेत हे एका ओळीत शिकतो, जणू सगळ्यांनी मुकाट्याने काटे पुढे सरकवले. पण त्याच महिन्यात मुंबईतल्या काही हजार गिरणी कामगारांनी काम बंद केलं आणि गिरण्यांवर दगडफेक केली. शहरात विरोधाच्या अर्जांवर पंधरा हजारांच्या वर सह्या झाल्या.

घड्याळासाठी दगडफेक? मलाही आधी अतिरेक वाटला. मग मी गणित मांडून पाहिलं. जानेवारीत मुंबईचा सूर्य आजच्या घड्याळाने सव्वासातच्या आसपास उगवतो. जुन्या मुंबई टाइमने तेव्हा वाजलेले असायचे साधारण सहा पस्तीस. समजा भोंगा सहाचा आहे. आकडा तोच ठेवून घड्याळ बदललं, की कामगाराला ३९ मिनिटं आधी, आणखी गडद अंधारात चाळीतून निघायला लागणार. संध्याकाळी तेवढं लवकर सोडतील यावर विश्वास का ठेवायचा? १९०५ च्या सुमारास गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले होते. त्याआधी निदान अंधार पडला की काम थांबायचं. दिवे आल्यावर कामाचा दिवस चौदा तासांच्याही वर जायला लागला. पुरुष कामगारांच्या तासांवर कायद्याची मर्यादाच नव्हती. ती आली १९११ मध्ये, आणि तीही बारा तासांची!

सुशिक्षित लोकांचा राग जरा वेगळा होता. वंगभंगाला जेमतेम तीन महिने झालेले, स्वदेशीचं वारं सुटलेलं, त्यात सरकार म्हणतंय तुमचा सूर्यही आमच्या हिशोबाने उगवेल. रेल्वे, पोस्ट आणि तार खातं नव्या वेळेवर गेलं. महापालिकेने मात्र मुंबई टाइम सोडली नाही, आणि हे थेट १९५० च्या दशकापर्यंत चाललं. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही या शहरात "उद्या पाचला भेटू" म्हटल्यावर "कुठले पाच?" हा रास्त प्रश्न होता. कोलकात्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत टिकवली होती.

स्टँडर्ड टाइम नको होती असं मी म्हणत नाहीये. एकच वेळ नसती तर माझ्यासारख्यांनी रोजच डोकं फोडून घेतलं असतं. पण ते दगड मारणारे लोक अडाणी होते, म्हणून बदलाला घाबरले, असं कुठे वाचलं की आता मला त्या मावशींचं पुढे केलेलं घड्याळ आठवतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. वेळ साठवायची ती यूटीसीत, आणि पायटेझेडऐवजी झोनइन्फो वापरायचं. शिवाय कुणी म्हणालं "ॲप मला लेट दाखवतंय", तर आधी माणसाचं नाही, ॲपचं घड्याळ तपासायचं.

कापलेल्या अर्ध्या दिवसांची यादी आम्ही काढून दिली. पुढच्या पगारात बहुतेकांचे पैसे आले, लिफ्टपाशी भेटलेल्या मावशींचेही. दोघीजणी तोपर्यंत काम सोडून गेल्या होत्या. त्यांचे नंबर कंत्राटदाराकडे असणार. मी दोनदा मागितले, अजून मिळालेले नाहीत.