पृष्ठावरील ‘हाउगची चार पदके’ या उल्लेखावरील तळटीप

१. तोर्लाइफ हाउग (१८९४–१९३४). नॉर्वेतील द्रामेनच्या बाजूचा हा स्कीपटू लांब पल्ल्याच्या शर्यतींत आपल्या काळी जवळजवळ अजिंक्य होता. होल्मेनकोलेनची ५० किलोमीटरांची शर्यत त्याने सहा वेळा जिंकली, आणि १९२४ साली शामोनी येथे भरलेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १८ व ५० किलोमीटरांच्या शर्यती आणि धाव-उडीचा संयुक्त सामना अशी तीन सुवर्णपदके एकट्याने पटकावली. मूळ लेखकाने चौथे म्हणून धरलेले स्की-उडीचे कांस्यपदक तत्कालीन दप्तराप्रमाणे यथार्थच होते. परंतु नॉर्वेत जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या अँडर्स हाउगेनचे गुण १७.९१६ असता हाउगच्या नावे १८.००० लागले, ते बेरजेच्या चुकीने, वास्तविक ते १७.८२१ होते, हे पन्नास वर्षांनी उघडकीस आले. हाउग तर १९३४ सालीच न्यूमोनियाने निवर्तला होता. तेव्हा १९७४ साली ऑस्लो येथे त्याच्या कन्येने ते पदक वयोवृद्ध हाउगेनच्या स्वाधीन केले. हिशेबातील गफलतीची इतकी सभ्य भरपाई क्रीडेच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. वाचकांनी वरील ‘चार’ हा आकडा ‘तीन’ असा वाचावा. —संपादक