गणित आणि वातविवर

विमानाभोवतीच्या हवेचा प्रवाह संगणकावर मांडावा आणि वातविवरात, म्हणजे नियंत्रित वाऱ्याच्या बोगद्यात, प्रतिकृतीवर घेतलेल्या मापनांशी तो ताडून पाहावा, ही रीत संगणकयुगाची मानली जाते. वस्तुतः तिचे मूळ गटिंगेनमध्ये आहे. लुडविग प्रांट्ल यांच्या पंखसिद्धान्ताची कसोटी तेथे लांबी-रुंदीचे गुणोत्तर 1 ते 7 असलेल्या पंखांवर लागली; सूत्राने ती मापने एकाच गुणोत्तरावर आणताच विखुरलेले बिंदू जवळजवळ एका वक्रावर आले.

कोल्हापूर परिसरात जन्मलेले विष्णू माधव घाटगे (1908–1991) हे प्रांट्ल यांचेच शिष्य. त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला रचलेले ‘एचटी-2’ हे विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. त्या पिढीची गणिते हातानेच होत. पुढे बंगळूरच्याच राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 1967 मध्ये 1.2 मीटरचे वातविवर आणि 1986 मध्ये ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक कार्यान्वित झाला. वादी आणि साक्षीदार एकाच संस्थेत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

साक्षीदार मात्र निर्दोष नसतो. बोगद्याच्या भिंती प्रवाह आवळतात, आधारदांडा तो विस्कटतो. लहान प्रतिकृतीचा रेनॉल्ड्स अंक सहसा कमी पडतो आणि सीमास्तर प्रक्षुब्ध होण्याची जागा बदलते. म्हणून मापनांत तशा दुरुस्त्या तरी कराव्या लागतात, किंवा त्या भिंती व तो दांडा संगणकातही मांडावा लागतो. मोकळ्या आकाशातील विमानाचे उत्तर बोगद्यातील कच्च्या आकड्यांशी जुळले, तर ती जुळणी संशयास्पदच समजावी.