रॉझलिंडचे क्रियापद

टॉमस लॉजच्या १५९० मधील गद्यकथेतून शेक्सपिअरने उचललेली रॉझलिंड हद्दपार होऊन पुरुषवेषाने आर्डनच्या अरण्यात शिरते आणि ऑर्लँडोला प्रियाराधनाचे धडे देता देता त्याचेच मन पारखते. मागणी पुरुषाने घालावी, स्त्रीने वाट पाहावी, हा क्रम येथे उलटतो. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्याने तिचे ‘मी’ तिला उघडे पाडीत नाही. मराठी अनुवादकाला मात्र ‘आलो’ की ‘आले’ हे पदोपदी ठरवावे लागते. ही अडचणच मानली जाईल. मला तसे वाटत नाही. हा तथाकथित तरुण ऑर्लँडोपुढे रॉझलिंडचे सोंग घेतो, तेथे ‘आले’ म्हणणे भागच पडते. ऑर्लँडोच्या कानी ते सोंग असते, प्रेक्षकांच्या कानी तिची कबुली.