दंत व सार्वजनिक आरोग्याचे दूरस्थ पदव्युत्तर शिक्षण : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : वळ, ता. भिवंडी, जि. ठाणे)

प्रस्तावना

भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. शेजारी यंत्रमागांचे शहर, भोवती अखंड मालवाहतूक आणि रोजगारासाठी दूरवरून आलेला कामगार असा हा परिसर आहे. येथील आरोग्याचे प्रश्न पाणी, सांडपाणी, धूळ, कामाचे तास आणि तंबाखू यांच्याशी निगडित आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते व त्यांत धूरविरहित तंबाखूचा वाटा मोठा होता. मुखकर्करोगाचा प्रश्न त्यामुळे दंतवैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही शाखांचा ठरतो. अशा प्रश्नांचे अभ्यासक घडविण्यात दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाचा वाटा किती राहिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

दोन परंपरा

डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये स्थापन झाले. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानंतर १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. या शिक्षणाचा कणा रुग्णाच्या खुर्चीशेजारी होणारा हाताचा सराव हाच राहिला.

सार्वजनिक आरोग्याची परंपरा साथींतून घडली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. १८९७ मध्ये हाफकिन यांनी त्यावरील लस तयार केली. कलकत्त्यात १९३२ मध्ये अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्था स्थापन झाली. या शाखेची प्रयोगशाळा वस्ती हीच असली, तरी तिचे उच्च शिक्षण महानगरांतच स्थिरावले.

दूरस्थ शिक्षणाचा प्रवाह

पत्रद्वारा शिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये, तर मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८ मध्ये नाशिकलाच आले. एकाच शहरात ही दोन विद्यापीठे नांदत असूनही मुक्त शिक्षण आणि वैद्यकीय पदवी यांचे मार्ग वेगळेच राहिले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने मात्र डॉक्टरांसाठी माता व बाल आरोग्याची पदव्युत्तर पदविका सुरू करून स्वाध्याय व रुग्णालयीन प्रात्यक्षिक यांची सांगड घातली. लंडनच्या आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेनेही १९९८ पासून पदव्युत्तर शिक्षण दूरस्थ पद्धतीने देण्यास प्रारंभ केला.

नियमनाची रेषा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण इत्यादी शाखांच्या दूरस्थ व ऑनलाइन पदव्यांना मनाई केली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याखाली येणाऱ्या विषयांनाही आयोगाने २०२५ मध्ये ही मनाई लागू केली. मानसशास्त्रासारखा विषयही तीत आला. त्याच २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, आरोग्य सेवकांचे प्रशिक्षण मात्र शासनाच्या दीक्षा मंचावरून ऑनलाइन दिले गेले. तातडीच्या गरजेपुरते जे माध्यम पुरेसे मानले गेले, ते पदवीसाठी अपुरे ठरले.

निष्कर्ष

दात काढण्याचे किंवा दातांच्या मुळांवर उपचार करण्याचे कौशल्य पडद्यावर शिकविता येत नाही; तेथील मनाई रुग्णाच्या हिताची आहे. साथरोगशास्त्र, आरोग्य सांख्यिकी व मुखआरोग्याचे सर्वेक्षण यांना तोच निकष लावणे मात्र उचित वाटत नाही. या विषयांत प्रात्यक्षिक आवश्यकच आहे. पण त्याची जागा विद्यार्थ्याच्या गावात असू शकते. वळचा पदवीधर नोकरी सोडून महानगरात दोन वर्षे राहू शकत नसेल, तर गोदामांतील कामगारांच्या मुखआरोग्याची नोंद त्या परिसराला ओळखणाऱ्या अभ्यासकाकडून होण्याची शक्यता मावळते. सिद्धान्त ऑनलाइन, क्षेत्रकार्य स्थानिक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मूल्यमापन प्रत्यक्ष, अशी त्रिस्तरीय रचना नियामकांनी विचारात घ्यावी. भिवंडी परिसरातील महाविद्यालये तिच्यासाठी अभ्यासकेंद्राची जबाबदारी स्वीकारू शकतील.