धंद्याची निवड : बोस्टन शहरातील एका प्रयोगाची कहाणी

दहावीचा निकाल लागला की गुणांवरून मुलाची वाट ठरवण्याची रीत आपल्याकडे पडून गेली आहे. गुण भरपूर असतील तर सायन्स, मध्यम असतील तर कॉमर्स, त्याहून कमी असतील तर आर्ट्स किंवा आय. टी. आय., आणि गाडी अडली तर मामाच्या गॅरेजमध्ये नाहीतर आखातात गेलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या ओळखीने परदेशात. मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा निकालाची वाटही पाहिली जात नाही. या सगळ्या व्यवहारात ज्याचे आयुष्य ठरायचे असते त्याला सोडून बाकी सर्वांचे मत घेतले जाते.

कोणता व्यवसाय करावा हा प्रश्न मानवी इतिहासात तसा नवाच म्हटला पाहिजे. शेकडो वर्षे विणकराचा मुलगा विणकर आणि लोहाराचा मुलगा लोहार होत आला. वडिलांच्या किंवा उस्तादाच्या हाताखाली हुन्नर शिकावा, त्यावर पोट भरावे, इतका सरळ मामला होता. कारखाने आले, शहरे वाढली, नवे नवे धंदे निघाले आणि बापाचा धंदा मुलाला पुरेनासा झाला, तेव्हा निवडीचा प्रश्न उभा राहिला. या निवडीत तरुणांना पद्धतशीर मदत करण्याचा जो पहिला प्रसिद्ध प्रयोग झाला, तो अमेरिकेतील बोस्टन शहरात, १९०८ साली. त्याची हकिकत आपल्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून ती येथे थोडक्यात देत आहे.

वाया जाणारी वर्षे

त्या काळचे बोस्टन हे दूरदूरच्या देशांतून आलेल्या गरीब माणसांनी भरलेले शहर होते. त्याच्या नॉर्थ एंड या दाट वस्तीत इटलीहून आणि रशियाकडून आलेली कुटुंबे राहत. आईबापांना इंग्रजी येत नसे, नव्या देशातील कामधंद्यांची माहिती नसे. कायद्याने मुलाला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवणे भाग होते. चौदावे वर्ष संपले की मुले धडाधड शाळा सोडत.

बोस्टन ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, त्या राज्याने औद्योगिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल १९०६ साली प्रसिद्ध झाला. राज्यात १४ ते १६ वयाची सुमारे २५ हजार मुले शाळेबाहेर आहेत, असे त्यात दिसून आले. निरोप पोचवणे, सामान वाहणे, गिरणीत किरकोळ काम करणे अशा कामांत ती अडकली होती. या कामांत पुढे चढण्याची शिडी नव्हती आणि हातात कसबही येत नव्हते. दोन वर्षांनी मूल जिथे होते तिथेच राही. म्हणून या वर्षांना ‘वाया गेलेली वर्षे’ म्हणण्यात आले. त्या अहवालातील आणखी एक गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यांतील बहुतेक कुटुंबे मुलाला आणखी थोडे शिकवू शकली असती. शाळा सुटण्याचे कारण दर वेळी गरिबी नव्हते. पुढे शिकून नेमके काय होणार, हे मुलालाही सांगता येत नव्हते आणि बापालाही.

अनेक धंदे केलेला माणूस

नॉर्थ एंडमध्ये १९०१ साली ‘सिव्हिक सर्व्हिस हाऊस’ नावाची संस्था निघाली. पॉलीन अगासी शॉ या दानशूर बाईंनी तिला पैसा पुरवला. मेयर ब्लूमफील्ड हे तिचे संचालक होते. दिवसभर कामावर राबणाऱ्यांसाठी तेथे १९०५ पासून संध्याकाळचे वर्ग चालू लागले. त्या कामात पुढाकार घेणारे गृहस्थ म्हणजे फ्रँक पार्सन्स.

पार्सन्स यांचा जन्म १८५४ चा. कॉर्नेल विद्यापीठातून ते १८७३ साली इंजिनिअर होऊन बाहेर पडले आणि रेल्वेच्या कामावर लागले. पण त्याच वर्षी देशात मोठी मंदी आली, कंपनी बुडाली आणि नोकरी गेली. मग त्यांनी लोखंडाच्या गिरणीत मजुरी केली. पुढे शाळामास्तर झाले. नंतर कायद्याचा अभ्यास करून १८८१ साली वकिलीची परीक्षा दिली. त्या अभ्यासाने प्रकृती इतकी ढासळली की ती सुधारण्यासाठी त्यांना काही वर्षे मोकळ्या हवेत काढावी लागली. पुढे कायद्याची पुस्तके लिहिली, विद्यापीठात व्याख्याने दिली, १८९५ साली बोस्टनच्या महापौरपदाची निवडणूक लढवली आणि हरले. एवढे सगळे करून पन्नाशीत आल्यावर त्यांना आपले खरे काम सापडले, आणि ते होते इतरांना त्यांचे काम शोधायला मदत करण्याचे.

घर बांधायचे तर माणूस नकाशा काढतो, जाणकाराला विचारतो. पण सारा जन्म ज्या कामात घालवायचा ते काम मात्र योगायोगावर सोडतो, ही विसंगती पार्सन्स यांना खटकत असे. रात्रशाळेतून उत्तीर्ण होणाऱ्या मुलांपुढे त्यांनी या विषयावर भाषण केले, तेव्हा कित्येक मुले भाषणानंतर त्यांना एकट्याने भेटण्याची वेळ मागू लागली. त्यातूनच १३ जानेवारी १९०८ रोजी ‘व्होकेशन ब्यूरो’, म्हणजे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र, सुरू झाले. पहिल्या काही महिन्यांतच ८० स्त्री-पुरुष सल्ल्यासाठी येऊन गेले. पण पार्सन्स यांना आयुष्य लाभले नाही. २६ सप्टेंबर १९०८ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते वारले. त्यांचे ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९ साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले.

तीन पायऱ्या

पार्सन्स यांची पद्धत तीन पायऱ्यांची होती. पहिली पायरी स्वतःला ओळखण्याची : माझे आरोग्य कसे आहे, मला काय चांगले जमते, कशात मन रमते, माझ्या उणिवा कोणत्या, घरची परिस्थिती कशी. दुसरी पायरी कामांना ओळखण्याची : त्या धंद्याला कोणते शिक्षण लागते, पैसा किती मिळतो, बढतीची वाट आहे की नाही, तोटे कोणते. तिसरी पायरी म्हणजे या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून शांतपणे विचार करण्याची. आज हे सगळे अगदी साधे वाटते. परंतु आपण आपल्या मुलांसाठी यांतील एक तरी पायरी नीट चढतो का, हे पाहण्यासारखे आहे.

पहिल्या पायरीसाठी ते लांबलचक प्रश्नावली देत. मुलाने ती घरी बसून लिहून काढायची. संध्याकाळी तू काय करतोस, कोणती पुस्तके वाचलीस, हातात आलेल्या पैशाचे काय करतोस, दिलेला शब्द पाळतोस का, असे प्रश्न त्यात असत. उत्तरे लिहून झाल्यावर ती घरच्यांना आणि मित्रांना दाखवून खरी आहेत का ते विचारायचे, अशीही सूचना असे.

त्यांच्या पुस्तकात एका एकोणीस वर्षांच्या मुलाची हकिकत आहे. प्रकृतीने किरकोळ, छाती खोल गेलेली, चेहरा निस्तेज. आणि म्हणतो, मला डॉक्टर व्हायचे आहे. पार्सन्स यांनी त्याला नाही म्हटले नाही. डॉक्टरला काय काय लागते ते एकेक करून त्याच्यापुढे ठेवले : दणकट शरीर, चांगली स्मरणशक्ती, लांबच्या शिक्षणाला पैसा, रोग्याला धीर वाटेल असे वागणे. यांतले तुझ्याजवळ काय आहे, हे त्यालाच सांगायला लावले. मग मोकळ्या हवेतील कामांचा विचार सुचवला आणि गुरांचे व दुधाचे मळे प्रत्यक्ष पाहून ये, असे सांगितले. कोणी कोणासाठी व्यवसाय ठरवून देऊ नये, ज्याचा त्यानेच तो ठरवावा, मात्र त्याला नीट विचार करायला मदत करावी, हे त्यांचे मुख्य तत्त्व होते.

अर्थात पार्सन्स यांचे सगळेच आज मान्य होण्यासारखे नाही. ते समोरच्या मुलाच्या डोक्याचा आकार आणि चेहऱ्याची ठेवण पाहूनही अनुमाने काढीत. त्याला काही शास्त्रीय आधार नाही, हे पुढे ठरले. दुसरे असे की निवड करायला दारे उघडी असावी लागतात. त्या काळी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना कितीतरी दारे बंद होती. पार्सन्स यांनी आपल्या पुस्तकात स्त्रियांना खुल्या असलेल्या कामांची यादी वेगळी दिली. पण यादी वेगळी द्यावी लागणे यातच सर्व काही आले. सल्ला कितीही चांगला असला तरी तो बंद दार उघडू शकत नाही. ते काम समाजाला करावे लागते.

केंद्राकडून शाळेकडे

पार्सन्स गेले तरी काम थांबले नाही. बोस्टनच्या शालेय अधिकाऱ्यांनी लवकरच शंभराहून अधिक शिक्षकांना सल्लागार म्हणून नेमले. नेहमीचे शिकवणे सांभाळूनच त्यांना हे करायचे होते. त्यांच्या हाती माहिती असावी म्हणून ब्यूरोने एकेका धंद्यावर छोट्या पुस्तिका काढल्या. बँकेतील काम, यंत्रकारागीर, बेकरी, किराणा दुकान, वास्तुशिल्प असे त्यांचे विषय होते. बेकरीवाल्याच्या कामाला बँकेच्या कामाइतकेच पान मिळावे, यात एक मोठी शिकवण आहे.

त्याच सुमारास ग्रँड रॅपिड्स या गावी जेसी डेव्हिस नावाचे मुख्याध्यापक होते. १९०७ पासून त्यांनी इंग्रजीच्या निबंधाच्या तासालाच हे काम जोडून दिले. मुलांनी स्वतःच्या स्वभावावर, आवडीवर, आणि निवडलेल्या एखाद्या व्यवसायावर निबंध लिहायचे. त्यासाठी वेगळी इमारत लागली नाही की वेगळा निधी लागला नाही. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ नंतर, अमेरिकन सैन्यात सुमारे १७ लाख लोकांना बुद्धिमापनाच्या कसोट्या दिल्या गेल्या आणि मार्गदर्शनात कसोट्यांचे युग आले. कसोटीचा उपयोग आहेच. पण ती पहिल्या पायरीची मदतनीस आहे. बाकीच्या दोन पायऱ्या ती चढून देत नाही.

आपल्या देशात

आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९३८ साली उपयोजित मानसशास्त्राच्या विभागात हे काम सुरू झाले. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय यांचे मार्गदर्शन केंद्र निघाले. १९४७ साली पारसी पंचायतीने स्वतःचा व्यवसाय मार्गदर्शन ब्यूरो काढला. मुंबई सरकारचे केंद्र १९५० साली सुरू झाले. म्हणजे एका लहान समाजाच्या पंचायतीने सरकारच्या आधी पाऊल टाकले. पुढे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळाशाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली. कोठारी आयोगाने तर निदान दर दहा माध्यमिक शाळांमागे एक सल्लागार तरी असावा असे सुचवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे काम पाहावे व करावे, असे म्हटले आहे.

कागदावर असे पुष्कळ आहे. आपल्या समाजाचे चित्र मात्र सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात दिसते. ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एक तर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली, असे त्यात नोंदलेले आहे. स्वतःचा लहान धंदा करून पोट भरणाऱ्यांचे प्रमाण आपल्यात इतरांहून जास्त आहे, हेही त्यात आहे. हाताला काम आहे, पण त्या कामाला शिक्षणाची जोड नाही. आणि शिक्षण आहे तिथे पुढच्या वाटेची माहिती नाही. नॉर्थ एंडच्या मुलांची हीच अडचण होती.

आपण काय करू शकतो?

मुंबईत साबू सिद्दीक यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांसारख्या संस्थांनी हजारो मुलांच्या हाती हुन्नर दिला आहे. शिक्षण संस्था फीची सवलत देतात, शिष्यवृत्त्या देतात. त्या जोडीला निवडीसाठी मदत मिळाली नाही, तर न झेपणाऱ्या अभ्यासक्रमावर तो पैसा आणि मुलाची दोन-तीन वर्षे खर्ची पडतात. मोठा खर्च न करता पुढील गोष्टी करता येण्यासारख्या आहेत, असे मला वाटते.

आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याची एक वही असावी. तिच्या एका बाजूला ‘मी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कामे’. डेव्हिस यांनी केले तसे मराठीच्या व उर्दूच्या निबंधाच्या तासाला ती भरून घेता येईल. दुसरे, माजी विद्यार्थ्यांची व्यवसायवार यादी करावी. त्यात डॉक्टर, वकील जसे असतील तसेच परिचारिका, इलेक्ट्रिशियन, शिंपीकामाचा कारखाना चालवणाऱ्या भगिनी, बँकेतले कारकून आणि बेकरीवालेही असावेत. त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा, आणि आपल्या कामाचे फायदे सांगावेत तसे तोटेही सांगावेत. तिसरे, सुट्टीत प्रत्येक मुलाने निदान दोन ठिकाणचे काम डोळ्यांनी पाहावे. चौथे, हे सर्व मुलींसाठीही तितकेच असावे. वही दोघांची सारखी असावी.

पालकांना एक विनंती. मुलाच्या वतीने ठरवण्यापूर्वी त्याला विचारा, आणि ‘मला माहीत नाही’ असे उत्तर आले तर रागावू नका. माहीत नसणे हा त्याचा गुन्हा नव्हे. माहिती मिळवून देणे हे तुमचे-आमचे काम आहे. तो ज्या वाटेचे नाव घेईल ती वाट चाललेल्या एखाद्या माणसाशी त्याची गाठ घालून द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मित्र ज्या कॉलेजात गेला त्याच कॉलेजात जायचे, हे निवडीचे कारण होऊ शकत नाही. एक कोरे पान घ्या. मला काय जमते, काय जमत नाही, हे खरे खरे लिहा आणि ते तुमच्या आईला दाखवा. ती ज्या ओळीवर बोट ठेवून “हे काही खरं नाही हं” म्हणेल, तिथून तुमच्या विचाराला सुरुवात होईल.